घरच्यांना गोंडा नाही

उन्हाळ्यात आमच्या गावी लोक येतात ते दीपगृह बघायला, ओहोटीला कोळंबी पकडायला आणि मुलांना अन्सेल्मच्या गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या पाळण्यात बसवायला. माझी क्रेपची, म्हणजे पातळ गोड धिरड्यांची टपरी कुणी माहितीपुस्तकात छापत नाही, पण ती पाळण्याच्या अगदी समोर आहे. चव्वेचाळीस उन्हाळे तव्यावर पीठ पसरता पसरता मी त्या पाळण्याकडे बघत आलेय. तेव्हा अन्सेल्मबद्दल बोलायचा हक्क कुणाचा असेल तर माझा. आणि बोलायची मला भारी हौस. त्या हौसेनंच घात केला, ते पुढे येईलच.

अन्सेल्म उंच आहे, आता जरासा वाकलाय, बाराही महिने त्याच निळ्या डगल्यात असतो. पाळण्यावर सोळा लाकडी घोडे, एक डुक्कर आणि एक होडी. पण त्याचा सगळा जीव गोंड्यात. मुठीएवढा लाल लोकरीचा गोंडा, कप्पीवरून दोरीला टांगलेला. पाळणा फिरायला लागला की अन्सेल्म दोरी सोडतो, ओढतो, मुलांच्या डोक्यावर गोंडा नाचवतो. ज्याच्या हाती लागेल त्याला पुढची फेरी फुकट. आईबापांना वाटतं, नशिबाचा खेळ आहे. कसलं नशीब! गोंडा कुणाला द्यायचा ते दोरी धरणारा ठरवतो. अन्सेल्म बरोबर हेरायचा. नुकताच चष्मा लागलेलं पोर, सगळं कौतुक धाकट्या भावाच्या वाट्याला गेलेली मुलगी, बाप सारखा फोनवर असलेलं एखादं. गोंडा अलगद त्यांच्या बोटांत यायचा आणि त्यांना वाटायचं, आपणच जिंकलो.

त्याला एकच मुलगी, सोलेन. ती दोन वर्षांची असताना तिची आई जत्रेतल्या धडकगाड्या चालवणाऱ्या एका माणसाबरोबर निघून गेली. मग काय, पोर अर्धा दिवस पाळण्यावर आणि अर्धा दिवस माझ्या टपरीत. जळलेल्या कडांच्या क्रेप तिला आवडायच्या, म्हणून मी मुद्दाम जाळायची.

ती चार वर्षांची असताना एकदा अन्सेल्मनं गोंडा तिच्या हातात दिला. कान तुटलेल्या पांढऱ्या घोड्यावर बसली होती. गोंडा छातीशी धरून अशी काही किंचाळली की किनाऱ्यावरचे लोक वळून बघायला लागले. माझ्यापुढे गिऱ्हाइकांची रांग होती, सगळे पॅरिसचे. मला चेव आला.

"वा रे वा!" मी ओरडले. "पाळणा मालकाचा, घोडा मालकाचा, आणि गोंडाही मालकाच्या पोरीला! बाकीच्यांनी काय नुसतं गरगर फिरायचं?"

रांग खो खो हसली. एक बाई म्हणाली, "खरंच की हो, हा तर अन्याय झाला." थट्टा होती हो. पण अन्सेल्म कानापर्यंत लाल झाला. त्यानं पाळणा थांबवला, सोलेनच्या हातातून गोंडा काढून घेतला आणि परत दोरीला बांधला.

त्या दिवसापासून त्याचा नियम झाला: घरच्यांना गोंडा नाही. गोंडा तिच्याजवळ आला की तो दोरी वर ओढायचा. वर्षभर ती हात उंचावत राहिली. मग एका उन्हाळ्यात तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि तशीच बसली. त्यानंतर कायम तशीच. गोंडा आला तरी मान वर करायची नाही.

"बघ, रुसलीय तुझी लेक," मी म्हणायची.

"रुसू दे. माझ्या दोरीवर कुणी बोट ठेवता कामा नये," अन्सेल्म म्हणायचा.

बोट कुणी ठेवलं होतं? मीच ना! पण तेवढं मी कधी तोंडातून काढलं नाही.

सोलेन मोठी झाली, डोंगरात गेली, लग्न झालं, नवऱ्याबरोबर गिर्यारोहकांसाठी निवारा चालवायला लागली. त्यांचा धंदा उन्हाळ्याचा, याचाही उन्हाळ्याचा. त्यामुळे भेट नाताळात, तीही डोंगरात. तेव्हा इथे पाळण्यावर ताडपत्री असते. अन्सेल्मची नात अपोलीन सात वर्षांची झाली, पण आजोबांचा पाळणा फिरताना तिनं पाहिला नव्हता.

या फेब्रुवारीत सोलेन गेली. एकेचाळीस वर्षांची होती. अन्सेल्म हॉस्पिटलात तिच्याजवळ दहा दिवस बसला. परत आल्यावर मला एवढंच म्हणाला, "गोंड्याचं बोलायचं होतं गं तिच्याशी. जीभच रेटली नाही."

जावयाचा, बास्तियांचा, फोन ऑगस्टमध्ये आला. सोलेननं जाण्याआधी कागदावर लिहून ठेवलं होतं, अपोलीनला काय काय दाखवायचं ते. दीपगृहाच्या सगळ्या पायऱ्या चढायच्या. ओहोटीला जाळं घेऊन कोळंबी पकडायची. आणि सगळ्यात शेवटी आजोबांचा पाळणा. पहिल्या दोन गोष्टी बिचारीनं स्वतः कधी केल्या नव्हत्या. लोकांच्या सुटीवर पोट असलेल्या घरात जन्मली, तिला कोण नेणार?

बास्तियां आणि अपोलीन यायच्या दिवशी सकाळी अन्सेल्म टपरीवर आला. दाढी केलेली, डगला धुतलेला.

"मारिव्होन, आज गोंडा पोरीला द्यायचाय."

"दे की. अडवतंय कोण?"

"सोलेनला एकदाच दिला, तोही काढून घेतला. सदतीस वर्षं ती माझ्यावर रुसून राहिली. निदान हिला तरी द्यायचाय." त्यानं हातातली टोपी फिरवली. "तू काही बोलणार नाहीस ना?"

म्हणजे हा माणूस विसरला नव्हता. एवढी वर्षं रोज सकाळी माझ्या हातची कॉफी प्यायला, आणि एका शब्दानं मला टोचलं नाही.

"नाही रे," मी म्हणाले. "तोंड उघडणार नाही."

दुपारी ते आले. अपोलीनच्या गुडघ्याला वाळू, हातात कोळंबीची बादली. पाळण्यावर चढली ती थेट कान तुटलेल्या घोड्याकडे गेली. तिला कुणी सांगायची गरजच पडली नाही. अन्सेल्मनं घंटा वाजवली. घोडे निघाले आणि गोंडा खाली आला.

पहिल्याच चकरेला त्यानं तो तिच्या पुढ्यात आणला. तिनं बघितलं, हसली, आणि दोन्ही हात मांड्यांखाली सारले.

मी उलथनं खाली ठेवलं.

दुसऱ्या चकरेला गोंडा तिच्या नाकाला लागला. बाकीची मुलं "इकडे, इकडे!" करून ओरडत होती. एक आई कुरकुरली, "हे काय, एकाच मुलीला?" अन्सेल्मनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"घे ना गं सोन्या," तो म्हणाला. "तुझाच आहे. घे!"

तिनं मान हलवली, नाही. हात तसेच. पाळणा मंद झाला आणि थांबला. गोंडा तिच्या खांद्यापाशी लोंबत राहिला.

बास्तियांनं तिला उतरवून माझ्याकडे आणलं. मी क्रेप पुढे केली आणि न राहवून विचारलं, "का गं बाळा, गोंडा का नाही घेतलास?" अन्सेल्म तिच्या मागेच येऊन उभा होता.

"आईनं सांगितलंय," अपोलीन म्हणाली. तोंडात घास होता. "आजोबांच्या पाळण्यावर हात खाली दाबून बसायचं. आपण हात वर केला की आजोबांना दोरी ओढावी लागते. ओढताना त्यांचा चेहरा फार वाईट होतो. आईला तो बघवायचा नाही. म्हणून ती हातच वर करायची नाही."

मग तिनं वळून वर बघितलं. "मी बरोबर बसले ना, आजोबा?"

मला ओरडून सांगायचं होतं की चूक माझी होती, माझ्या या जळल्या तोंडाची. पण मी शब्द दिला होता, आणि सगळ्या जन्मात गप्प बसायला मला तेवढाच एक दिवस सापडला.

अन्सेल्म तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. पलीकडे पुढच्या फेरीची मुलं घोड्यांवर बसून घंटेसाठी गलका करत होती.

"हो," तो म्हणाला. "अगदी बरोबर बसलीस."