रस्त्यावरचं सोयाबीन आणि आमची शाखा

आमच्या शाखेचं काहीही सांगायचं तर आधी याडीचं सांगावं लागतं. याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. ती माझी आई नव्हे, ती फाट्यापलीकडच्या तांड्यावरची साठी ओलांडलेली बाई. नातवंडांपासून बाजारातल्या आडत्यांपर्यंत सगळे तिला याडीच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मोपेड चालवते. पाय ठेवायच्या जागेत कधी कडब्याची पेंढी, कधी खताचं पोतं, आणि वर ती ताठ बसलेली. आज मी या फाट्यावर गॅरेज उघडून बसलोय आणि लोक ‘अध्यक्ष’ म्हणून हाक मारतात तेव्हा मी ओ देतो, हे तिच्यामुळे. एवढं आधी लिहून टाकलं, आता पुढचं निवांत सांगता येईल.

मी मूळचा सिंधुदुर्गातला. आठवीत शाळा सोडली. मामाच्या गॅरेजात हात काळे करता करता काम शिकलो आणि मग जमिनीत केबल टाकणाऱ्या एका टोळीबरोबर हिंगोली जिल्ह्यात आलो. काम संपलं, टोळी तेलंगणात गेली. मी मात्र शिरड शहापूरजवळच्या या फाट्यावरच राहिलो, कारण मुकादमाची बंद पडलेली मोटारसायकल मी रस्त्याकडेला बसून चालू केली होती आणि ते बघणाऱ्या एका शेतकऱ्याने आपल्या वावराच्या कडेची जागा मला देऊ केली. “टाक पत्रे. आमच्या गावाला मेकॅनिक पायजेच हाय,” एवढंच तो म्हणाला. कागद नाही, काही नाही. पुढे पत्र्याचं गॅरेज, मागे माझी खोली. या जिल्ह्यात माझं म्हणावं असं तेवढंच. माझा स्वभाव मुळात घाबरट. मालक सकाळी नुसता खाकरला तरी मला वाटायचं, आता जागा सोड म्हणणार.

दुचाकीस्वारांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेची शाखा आमच्याकडे निघाली ती गुरुजींमुळे. गुरुजी रोज वीसेक किलोमीटर मोटारसायकलवर शाळेला जातात आणि त्यांना मोबाइलवर संघटना सापडली. त्यांनी स्वतःकडे सचिवपद घेतलं. शेजारी सीट कव्हर शिवणारे चाचा खजिनदार झाले, खजिना नसला तरी. जागामालकाचा मुलगा उपाध्यक्ष झाला. अध्यक्ष मात्र कुणालाच व्हायचं नव्हतं.

“कोकणी भाऊला करा,” चाचा म्हणाले. “उसकू भावकी नहीं, भांडण नहीं. अन् दिवसभर हितंच असतो.”

मी नको नको म्हणत असतानाच फलक माझ्या पत्र्यावर लागलाही. रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, “अध्यक्ष झालंस? मगे पगार देतले?”

मुख्य शाखा पुण्याला. तिथून फार चांगले, इस्त्री केल्यासारखे संदेश यायचे. एकदा त्यांनी ग्रुप राइडचा फोटो मागवला. आमची ग्रुप राइड म्हणजे सगळे मिळून कुरुंद्याच्या बाजाराला गेलो. फोटोत उपाध्यक्षाच्या पाठीवर फवारणीचा पंप आहे, चाचांच्या मांडीवर बोकड आहे, आणि गुरुजींनी हँडलला कांद्याची पिशवी अडकवून छाती पुढे काढली आहे. पुण्याहून उत्तर आलं, ‘छान उपक्रम. प्राण्यांना सोबत नेताना काळजी घ्यावी.’ चाचांनी ते बोकडाला वाचून दाखवलं.

तर पुण्याने कळवलं, प्रत्येक शाखेने आपल्या भागातला एक प्रश्न हाती घ्यावा. आणि त्याच आठवड्यात गुरुजी पडले.

सोयाबीनचे दिवस होते. आमच्याकडे खळी आता राहिली नाहीत, सगळ्यांचं खळं म्हणजे डांबरी रस्ता. सोयाबीन काढलं की अर्ध्या रस्त्यावर पसरतात, वाळत घालतात, आणि गाड्या त्यावरून जाऊ नयेत म्हणून कडेने दगड मांडतात. दाण्यावरून चाक गेलं की गाडी अशी निसटते, जणू खालून कुणी सतरंजी ओढली. आणि दगड संध्याकाळी दिसतच नाहीत. गुरुजी दगडाला धडकले, गुडघा सोलून घेतला आणि गाडी ढकलत माझ्याकडे आले. हँडल वाकडं, चष्मा वाकडा.

“आता बास!” ते म्हणाले. “हाच आपला प्रश्न.”

सगळे जमले. उपाध्यक्ष तर पेटलाच. “रस्ता काय यायच्या बापाचा हाय का?”

“बराबर,” चाचा म्हणाले. “खळं पायजे त खळं करा ना. रोडावर काहून?”

याडी तेव्हा ब्रेक घट्ट करून घ्यायला आली होती आणि स्टुलावर बसून चहा पीत होती. तीही म्हणाली, “व्हय, मायंदाळ तकलीफ हाय. मी बी परवा पडता पडता वाचले.”

गुरुजींनी विचारलं, “पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा. मान्य आहे त्यांनी हात वर करा.” सगळ्यांनी केले. उपाध्यक्षाने तर दोन्ही केले. याडीच्या एका हातात चहा होता, तिने दुसरा वर केला. ठराव एकमताने मंजूर.

अर्ज गुरुजींनी लिहिला. ‘संबंधितांवर योग्य ती कारवाई करण्यात यावी, ही नम्र विनंती.’ खाली पदाधिकाऱ्यांची नावं आणि सही एकट्या अध्यक्षाची. शाळा सोडल्यापासून एवढ्या मोठ्या कागदावर मी सही केली नव्हती. आधी ऑइलच्या खोक्यावर गिरवून पाहिली, मग अर्जावर केली. वेलांटी जरा लांब गेली, पण मला ती आवडली.

दोन दिवसांनी जमादार आले. एकटेच, मोटारसायकलवर. “अध्यक्ष तुमीच का? बसा मागं. कुठं कुठं हाय ते दाखवा.”

मी मागे बसलो. पहिल्याच वळणावर सोयाबीन पसरलेलं, कडेला दगड, आणि दाताळं घेऊन ते खालीवर करत होता आमचा उपाध्यक्ष. मला पाहून खूश झाला. “काय अध्यक्ष, कुठं निघाले?” मग त्याला पुढे कोण बसलंय ते दिसलं.

“हे कोनाचं?” जमादारांनी विचारलं.

“आमचंच, साहेब.”

“तुमचं नाव त अर्जात हाय.”

“ते... जे रस्त्याच्या मधात टाकतात ना साहेब, त्यांच्यासाठी हाय. आमचं कडंकडंनं हाय.”

पुढच्या ढिगाशेजारी बाजेवर चाचा आडवे होते. त्यांचंही कडंकडंनंच होतं. त्यापुढे, जिथे गुरुजी पडले होते, तिथलं सोयाबीन गुरुजींच्या सख्ख्या भावाचं निघालं, आणि दगड मांडताना गुरुजींच्या बायकोने हातभार लावला होता. पलीकडच्या वळणावर याडीचं. जमादारांनी गाडी बाजूला घेतली, टोपी काढली आणि पोट धरून हसले. मला हसावं की रडावं कळेना.

हसून झाल्यावर मात्र त्यांनी सगळ्यांना दम दिला. “उद्या संध्याकाळपत्तुर रस्ता मोकळा पायजे. न्हाई त केस करीन. अर्ज तुमचाच हाय, मला बोलू नका.”

“सही अध्यक्षांची हाय, साहेब,” उपाध्यक्ष लगेच म्हणाला. “आमी कोनी केली न्हाई.”

दिवस मावळायच्या आत सगळीकडे झालं, कोकण्याने पोलीस आणला. मालक माझ्या दारात येऊन उभा राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलला.

“जागा दिली. पानी दिलं. दिवाळीला घरात जेवायला बसवलं. अन् तू माझ्याच सोयाबीनवर पोलीस आनला? दिवाळी झाली की पत्रे उचल.”

ठरावाचं सांगितलं असतं तर त्याच्याच पोराचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते मला जमेना. कॉम्प्रेसर कशात घालून न्यायचा आणि कुठे न्यायचा, याचाच विचार करत बसलो. गावी परत जाऊन काय सांगणार? दुसऱ्या दिवशी सकाळी एक जण पंक्चर झालेली गाडी ढकलत आला. माझ्या दारावरून तशीच पुढे ढकलत नेली. जाताना खाली बघत ‘राम राम’ म्हणाला तेवढं, कारण ते काही त्याला थांबवता येईना.

शेवटी माफी मागावी म्हणून मी रस्त्यावर गेलो. सगळे सोयाबीन गोळा करत होते. मालक मला बघून मोठमोठ्याने बोलू लागला, म्हणजे मलाही ऐकू यावं. “बाहेरच्या मानसाला जवळ केलं की असंच व्हतं.” चाचा पोत्याचं तोंड बांधण्यात गुंतले होते. एवढ्या बारकाईने पोतं बांधताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गुरुजी आकाशाकडे बघत होते.

तेवढ्यात याडी मोपेडवर आली. मधोमध थांबली, स्टँड लावलं.

“काय चाल्लंय?”

“याला जागा सोडायला सांगितली,” मालक म्हणाला. “यानं सही केली.”

“केली. तुमी त्याला अध्यक्ष केलं म्हनून त्यानं केली,” याडी म्हणाली. “पन हात कोनी कोनी वर केले, ते इचारलं का?”

सगळे आपापल्या पोत्यांकडे बघू लागले.

“मी केला व्हता.” तिने भर रस्त्यात हात वर केला, बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. “अन् माझंबी सोयाबीन त्या वळनावर हाय, दगडं लावून. मला वाटलं, अर्ज दुसऱ्याच्या सोयाबीनचा हाय. आता बाकीच्यायनं करा वर. त्या दिवशी चहा पेताना त लई उत्साह व्हता.”

चाचांनी पोतं सोडलं. “याडी, मेरा भी था.” आणि हात वर केला. गुरुजींनी आधी घसा साफ केला, मग हात वर केला, वर्गात पोरं करतात तसा. त्यांच्या मागोमाग आणखी दोघा-तिघांचे. मालकाने आपल्या मुलाकडे पाहिलं.

“तुझा व्हता का रे?”

उपाध्यक्ष पायाने दाणे सारत राहिला. मग म्हणाला, “दोन्ही व्हते, बाबा.”

आधी चाचांना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. मालक हसला नाही. तंबाखू थुंकून म्हणाला, “मंग काय आता पोराला घरातून काढू?”

“पोराला ठेवता त यालाबी ठेवा,” याडी म्हणाली. “दोघायनं एकच काम केलं.”

मालकाने पडलेलं एक पोतं उभं केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “उभा काय राहिला? पोत्याला हात लाव.”

मी पोत्याला हात लावला. डोळ्यांत धूळ गेली होती, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

याडीनेच मग सांगितलं की तांड्यावरच्या देवळापुढे सिमेंटचं मोठं पटांगण आहे, वर्षातून एकदा जत्रेला लागतं, बाकी वेळ त्यावर कुत्री झोपतात. “तिकडं न्या.” ट्रॅक्टर कुणाचाच मोकळा नव्हता. मग निघाल्या आमच्या मोटारसायकली. मागे पोतं, पुढे पोतं, मध्ये कसाबसा माणूस. दिवसभर फेऱ्या चालल्या. संध्याकाळी जमादार आले तेव्हा रस्त्यावर फक्त दगड उरले होते, आणि ते गुरुजी स्वतः उचलत होते.

“ही तुमची रॅली का?” जमादारांनी विचारलं.

मी फोटो काढून पुण्याला पाठवला. शाखेचं पहिलं आंदोलन यशस्वी, असं खाली लिहिलं. उत्तर आलं, ‘अभिनंदन! हेल्मेट कुठे आहेत?’

सगळं सुतासारखं सरळ झालं, असं नाही. पुढच्या हंगामात काही जण परत रस्त्यावर आले. पटांगण लांब पडतं, म्हणे. भांडणं झाली, अजून होतात. पण दगड कुणी मांडत नाही. त्याऐवजी माझ्याकडचे जुने टायर नेतात, त्यांना पांढरा रंग मारतात. धडकलं तरी माणूस उठून शिव्या देण्याइतपत शाबूत राहतो. मालक अजून खाकरतो आणि मी अजून दचकतो, पण पत्रे जागच्या जागी आहेत.

मी याडीला एकदा विचारलं, “तुझे उपकार कसे फेडू मी?”

“उपकार कसले? माझा हात व्हता म्हनून वर केला.” थोड्या वेळाने म्हणाली, “तुझ्या मायला एकदा बघायचंय. असं भित्रं लेकरू येवढ्या लांब कसं काय धाडलं, ते इचारायचंय.”

ते माझ्या डोक्यात बसलंय. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “घेवन ये तिका, हयसर रवांदे चार दिवस.” दोघी एकमेकींशी कुठल्या भाषेत बोलणार, देव जाणे. प्रवास मोठा आहे आणि याडी मागे बसायला तयार नाही, मोपेडनेच येईन म्हणते. गॅरेज चार दिवस बंद ठेवायला अजून धीर होत नाही. पण मी याडीला शब्द दिलाय आणि इथेही लिहून देतो. एक दिवस तिला माझ्या गावी नेईन, आमच्या ओटीवर बसवीन, आणि माझ्या आईला सांगेन की तिकडे जी आई मिळाली ती ही.