कॅप्टनच्या मागे दत्तूचं घर

आमच्या ग्रुपमध्ये सायन्स सगळ्यात पक्कं माझं. आठवीत त्या एकाच विषयाला तीन वेळा बसलोय, एवढा अभ्यास आहे कोणाचा?

चिखलोलीत सोसायटीच्या ऑफिसात आम्ही चार रिटायर म्हातारे रोज दुपारी आमच्या तरुणपणची ती अंतराळयानाची सिरीयल नेटवर बघतो. एक एपिसोड, एक किस्सा. डोक्यात आता जागा उरली नाही, म्हणून कागदावर उतरवतोय.

*

लोकूमल उल्हासनगरचा फर्निचरवाला. पहिल्याच दिवशी ओरडला, "साईं, ये कुर्सी तो सलूनवाली है!" बघतो तर खरंच! यानाच्या कॅप्टनची खुर्ची न्हाव्याची, मान टेकायच्या उशीसकट. तेव्हापासून कॅप्टन "हल्ला!" म्हणाला की लोकू विचारतो, "कटिंग या दाढी?"

*

कुलकर्णी सर शाळेत सायन्स शिकवायचे. पडद्यावर स्फोट झाला की यांचं बोट वर. "अवकाशात हवा नाही. आवाज येणारच नाही!"

एकदा मी गुपचूप म्यूट दाबलं. सर वीस मिनिटं मुकाट बघत बसले. शेवटी खूश होऊन म्हणाले, "आज पहिल्यांदा यांनी अभ्यास केलेला दिसतो!"

*

चौथा दत्तू भोईर. त्याची वाडी धरणाच्या पाण्याखाली गेली. घराचा साधा फोटोही नाही. पण सिरीयलवाले एकदा त्याच्या अंगणात शूटिंग करून गेलेले. "अकराव्या एपिसोडला माझं घर दिसंल," ऐकून ऐकून आमचे कान किटले.

मी सोडतोय होय! तोंड पाडून खोटंच सांगितलं, "दत्तू, अकरावा नेटवर नाहीच रे."

दोन दिवस गडी नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या सूनबाईने मला जिन्यात गाठलं. "काका, आमच्याकडचा चहा तुम्हाला बंद!"

*

मग लावला अकरावा. एवढा भंगार एपिसोड जन्मात पाहिला नाही! राक्षस म्हणजे गोणपाट, डोळ्यांच्या जागी दोन टॉर्च. एकीचे सेल संपत आलेले, त्यामुळे राक्षस सारखा डोळा मारतोय! सरांना डुलकी लागली. दत्तू मात्र पापणी न हलवता बसलेला.

राक्षस मेला, यान नव्या ग्रहावर उतरलं. कॅप्टनने चहूकडे बघून जाहीर केलं, "इथे कोणीही राहत नाही!"

आणि त्याच्या पाठीमागे कौलारू घर, दारात लुगड्यातली बाई सुपात तांदूळ पाखडतेय!

आम्ही हसून लोळलो. सरही जागे झाले. मी दत्तूला ढोसलं, "तुझी आई ना रे ती? असा कसा आंधळा कॅप्टन घेतला यांनी?"

दत्तूने माझ्या हातातला रिमोट घेतला. एपिसोड मागे नेऊन आई दिसते तिथं थांबवला.

"तो तरी लांब उभा हाय. धरणाच्या मोजणीचा सायब आमच्याच ओट्यावर बसला, आईच्या हातचा चहा प्याला, आन् कागदावर हेच लिहून गेला."