बांधावरची कोरफड

भिवंडीत झाड गारठून मेलं असं सांगितलं तर कुणीही मला वेड्यात काढेल. इथे पंखा बंद पडला की माणूस अर्धमेला होतो. पण माझी कोरफड गारठूनच मरायला टेकली होती, आणि हा प्रताप माझ्या सख्ख्या भावाचा.

मे महिन्यात मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. कामतघरच्या माझ्या खोलीत मागे कोणी नाही, म्हणून कुंडी राहनाळला दादाकडे ठेवली. परत आले तर दादा मोठ्या कौतुकाने सांगतो, "उन्हानं मलूल झालती गो. म्हणून काल कोल्ड स्टोरेजात ठेवली. मटार वर्षभर ऱ्हातो तिथं, ही एक रात न्हाय ऱ्हायची?" वर तांब्याभर पाणीही ओतलं होतं, शहाण्याने!

पानं काचेसारखी झाली होती. बोट लावलं तर साल आत गेली नि पाणी गळलं. माझं डोकंच फिरलं. "अरे, मटार मेलेला असतो, दादा!" मी ओरडले.

"कोरफडच ती. दहा आणून देतो."

कुठून आणणार होता? ही कोरफड आईने आमच्या शेताच्या बांधावर लावलेली. चुलीवर हात भाजला की ती हिचंच पान चिरून लावायची. वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली. 'माहेर तुटायला नको' म्हणून सगळ्यांनी समजावलं, दादाने साडी नेसवली, आणि मी मूर्खासारखी, दाखवतील तिथे सही करत गेले. निघताना ही कोरफड तेवढी मातीसकट उचलून आणली. पुढे त्याच शेतावर दादाने गोडाऊन बांधलं आणि कोल्ड स्टोरेजवाल्याला भाड्याने दिलं. म्हणजे जिथे वाढली तिथेच नेऊन तिला गोठवलं. आता ह्याला काय म्हणावं!

कुंडी गोणपाटात गुंडाळलेली होती म्हणून बुंधा तेवढा कडक राहिला होता. घरी आणून ती उन्हात न ठेवता खिडकीच्या आत ठेवली. लगेच सुरी लावली नाही. कुठवर कुजतंय ते कळेपर्यंत चार-पाच दिवस दम धरला, मग बुळबुळीत पानं कापून काढली आणि कापलेल्या जागी हळद लावली. शेजारणींचं एकच, "बिचारीला पाणी तरी घाल गं." अगं बायांनो, पाण्यानेच मरते ती! तुमची दया ठेवा तुमच्या घरी.

नाक्यावर रोपं विकणारा म्हणाला, "मिट्टी गीली है, फेंक दो. नई डालो." त्याचं खरं होतं. पण ती माती मी फेकू? गच्चीवर वर्तमानपत्रावर पसरली, दोन दिवस कबुतरं हाकलत बसले, खडखडीत वाळवली आणि थोडी रेती मिसळून तीच परत भरली. तीन आठवडे पाण्याचा थेंब दिला नाही. रोज सकाळी बुंधा दाबून बघायचे, मऊ तर नाही ना लागत. दादाचा फोन आला तर उचलत नव्हते.

पाऊस सरता सरता बुंध्यालगत दोन हिरवी पिल्लं दिसली. मी रडले. लपवायचं काय त्यात.

दादाला कुठून तरी कळलं, तर हजर! "एक पिल्लू दे गो. नव्या बंगल्याच्या दारात लावतो. आईची हाय."

आता आईची झाली! मे महिन्यात 'कोरफडच ती' होती.

"ने की," मी म्हटलं. "पण माती आपल्या शेतातली आण. तिच्यात लावून देते."

तो हसला. मग त्याचं हसू ओसरलं. गोडाऊनच्या चारी बाजूंनी त्याने ट्रक वळवायला काँक्रीट घातलंय, कुंपणापर्यंत. त्याने कुंडीकडे बोट दाखवलं.

"यातलीच दे ना मूठभर," तो म्हणाला.

मी कुंडी उचलून आत नेली.

"हक्कसोड एकदा करून झाली, दादा."