थर्मन गॅडिसची जुनी बातमी

थर्मन गॅडिस टोपी हातात धरून आमच्या दारात उभा राहिला, तेव्हाच मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. शिकागोच्या साउथ साइडला त्याला कोण ओळखत नाही! चाळीस वर्षं चर्चच्या गायकांची जाहिरात केली, पेपरात त्यांच्यावर लिहिलं, आणि म्हातारपणी गॉस्पेल गाण्यांचा इतिहास लिहायला बसला. त्यासाठी आमच्या चर्चमधल्या सिस्टर व्हर्लीनचा फोटोंचा अल्बम दोन दिवसांच्या बोलीवर नेला, त्याला तीन वर्षं झाली. मी त्याला स्वयंपाकघरात, माझ्या नजरेसमोर बसवलं.

त्याला माझ्या ओझेला मावशीचा पंखा हवा होता. अंत्यविधीचा धंदा करणारे आपली जाहिरात छापून चर्चमध्ये वाटतात ना, तसला पुठ्ठ्याचा हातपंखा. १९५७ साली प्रवचन चालू असताना मावशीने त्याच्या मागे पेन्सिलीने एक गाणं लिहिलं आणि तारीख टाकली. गाणं शहरभर गाजलं, पण पाळकाच्या नावावर. मावशी आता एक्क्याऐंशीची, चर्चमध्ये सगळे तिला मानाने मदर प्रुइट म्हणतात.

"गाणं पाळकाचंच, असं जुन्या पेपरात आहे म्हणे," मावशी म्हणाली. "ती बातमी कोणी लिहिली रे, थर्मन?"

त्याने कॉफीचा कप खाली ठेवला. "मीच, मदर प्रुइट. त्यांची रेकॉर्ड खपवायची होती. खाली नाव घातलं नव्हतं. आता तीन पुस्तकांत तीच बातमी पुरावा म्हणून दिलीय. खोडून काढायला पंखा लागतोय."

"वा! खोटं तू लिहायचं आणि निस्तरायचं मावशीने?" मी म्हणाले.

मावशीने मला हातानेच गप्प केलं. "आधी छाप, की तू खोटं लिहिलंस. तुझ्या नावानिशी. मग पंखा."

"मग माझ्या इतिहासातलं एक पान तरी कोण खरं मानेल?"

"ते तुझं तू बघ. माझं गाणं कोण माझं मानतंय?"

तो गेला. त्याचा पेपर गुरुवारी निघतो. दोन महिने दर गुरुवारी मावशी तो मागायची आणि मी सांगायचे, काही नाही. तिचा चेहरा बघून मला त्याचा अस्सा राग यायचा!

मग एका गुरुवारी पेपरात चौकट आली. 'ते गाणं ओझेला प्रुइटचं. मी पाळकाचं म्हणून लिहिलं, आणि ते खोटं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं.' खाली पूर्ण नाव. मावशीने तीनदा वाचून घेतलं. मी त्यात मेख शोधत होते, ती काही सापडली नाही.

गाण्याआधी रचणाऱ्याचं नाव पुकारायची आमच्या चर्चची पद्धत आहे. त्या रविवारी पहिल्यांदा मावशीचं नाव पुकारलं गेलं. पुढच्या बाकावर, चर्चमधल्या मदर घालतात त्या पांढऱ्या पोशाखात, थर्मनच्या हाती देण्याआधी ती तोच पंखा हलवत होती, लिहिलेली बाजू लोकांकडे करून. मला रडू आवरेना.

थर्मन मागे उभाच होता. "आता याचं पुस्तक कोण वाचणार?" असं कुणीतरी कुजबुजलं, आणि त्याच्यासाठी कुणी सरकेना. शेवटी मी सरकले आणि त्याला शेजारी बसवलं. पर्स मात्र उचलून मांडीवर घेतली. व्हर्लीनचा अल्बम अजून यायचाय.