येणाऱ्याची मूठ

"कोणं फेकलं माह्या बासीचं पाणी? अवं, कोणं फेकलं?"

आत्या ओरडत होती. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या तिच्या स्वयंपाकघरातून निघालेली ती आरोळी तात्यापाऱ्यात माझ्या घरापर्यंत ऐकू आली, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू द्या. त्या सकाळी मी तिच्याच ओसरीवर चहा पीत बसलो होतो हे खरं, पण तात्यापाऱ्यातही ती ऐकू गेलीच असणार. समोरच्या देवळाच्या शिखरावरची कबुतरं जी उडाली ती थेट दुर्गला जाऊन उतरली आणि त्यांतली अर्धी अजून तिकडेच नांदताहेत. मी आत धावलो. मोरीपाशी आत्याची नवी सून ऋचा एका हातात घासणी आणि दुसऱ्या हातात जर्मनची गंजी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, घेऊन उभी होती. भाताची शितं मोरीच्या जाळीवर पांढरी पडली होती.

"आई, मुझे लगा बर्तन भिगो के रखा है... मांजने के लिए," ती म्हणाली. ऋचा रायपुरातल्याच मराठी घरची. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत.

"मांजाले? अवं पोट्टी, ते पाणी नोहे, माहा जीव होय तो!"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. रात्रीचा भात पाण्यात बुडवून ठेवायचा, सकाळपर्यंत तो किंचित आंबूस होतो, मग मीठ टाकून, कांदा फोडून, त्याच पाण्यासकट खायचा. ही छत्तीसगढची बासी. आमच्या आत्यानं ती आयुष्यभर खाल्ली. काशाच्या एका खोलगट वाडग्यात, ज्याला इकडे बटकी म्हणतात, त्यात पाण्याखाली शांत पडलेली ती शितं पाहिली की मला नेहमी वाटायचं, तळ्याच्या तळाशी लहान लहान मासोळ्या झोपल्या आहेत आणि आपण मोठ्यानं बोललो तर त्या जाग्या होतील...

माझी ही कमलआत्या या उन्हाळ्याच्या तोंडावर गेली. शेखरचा, तिच्या मुलाचा, फोन आला. "दादा, आई गेली," तो म्हणाला. आणि मी विचारलं, "जेवली होती का?" असा प्रश्न कोणी विचारतं का? पण तोंडून तोच निघाला. आत्यानं स्वतः कुणाच्याही जाण्याची बातमी ऐकल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला असता. शेखर म्हणाला, "ते ऋचाला माहीत."

आत्याचं माहेर तात्यापाऱ्यातलं, सासर पुरानी बस्तीतलं. चालत निघालं तर वाटेत एक पान खाऊन होईस्तोवर पोचावं इतकं अंतर, पण आत्या सांगायची तेव्हा ते सात समुद्र ओलांडून गेल्यासारखं वाटायचं. "आपल्याकडं उरलेलं चालायचं, तिकडं शिळं म्हटलं की सासूबाई गोमूत्र शिंपडायच्या," असं ती सांगे. भोसल्यांच्या काळापासून रायपुरात राहून ते घर सोवळ्यात आणि अभिमानात मुरलेलं होतं. रात्री उरलेला भात सकाळी गाईला नाहीतर कामवाल्या फुलेसरीला. फुलेसरी अंगण सारवून झालं की पेरूच्या झाडाखाली बसायची, पदरातून कांदा काढायची, मुठीनं फोडायची आणि बटकी तोंडाला लावायची.

आणि मग तो वैशाख आला, ज्यात शेखर पोटात होता. आत्याच्या पोटात पाणी ठरेना. सासूबाईंनी शिरा केला, पन्हं केलं, नागपूरहून संत्र्याची बर्फी मागवली. ती बर्फी आत्यानं नुसती पाहिली आणि इतकी ओकली, की पेरूच्या झाडाला त्या वर्षी संत्री लागली. (हे मी नाही, आत्याच सांगायची. दरवर्षी संत्र्यांची संख्या वाढत जायची.) एका दुपारी ती मागच्या दारात भिंतीला टेकून बसली होती, ऊन पिवळं होऊन अंगणभर तरंगत होतं, आणि फुलेसरीनं कांद्याचा घास तोडला. तो करकर आवाज... "बाळ्या, तो आवाज माह्या पोटात गेला अन् पोट्ट्यानं लात मारली," आत्या मला सांगायची. फुलेसरीनं मान वर करून विचारलं, "खाबे का, बहुरिया?" आत्यानं मान डोलावली, "हव."

घरात भूकंप झाला. सासूबाई मोठ्या पेचात सापडल्या. गर्भारणीचे डोहाळे पुरवलेच पाहिजेत, नाही पुरवले तर मुलाची लाळ गळते. आणि शिळं तर सुनेच्या तोंडी घालता येत नाही. शेवटी गुरुजींना बोलावलं. गुरुजी छताकडे बघत बसले. चहा प्याले, पुन्हा छताकडे बघत बसले. मग म्हणाले, "वहिनी, पाण्याबाहेरचं अन्न शिळं होते. हे तर रातभर पाण्यात उभं राहून तप करून राहिलं. याले शिळं कसं म्हणाव?" सासूबाईंनी हात जोडले. त्यानंतर दर उन्हाळ्यात, नेमक्या न्याहारीच्या वेळेला, गुरुजींना त्या घरी येऊन काही ना काही मुहूर्त सांगायचा असायचा, ही गोष्ट वेगळी. शेखरची लाळ मात्र गळली नाही. निदान लहानपणी तरी.

तेव्हापासून आत्याचा नेम झाला. रात्रीचे तांदूळ मापानं काढायचे, घरातली माणसं मोजायची, आणि वर आणखी एक मूठ टाकायची. "ही कोणाची?" म्हणून मी विचारायचो. "येणाऱ्याची." "कोण येणार आहे?" "येणारा." आणि खरंच कोणीतरी यायचं. रेल्वेतला पाहुणा, चुकलेला वऱ्हाडी, भांडून आलेली शेजारीण. आणि कोणी नाही आलं तर ती मूठ पाण्यात उतरायची आणि सकाळी आत्याच्या बटकीत यायची. "शिळं म्हणजे जे इसरलं ते," ती म्हणायची, "हे मी आठवून ठेवलं." तिच्या लेखी जगातल्या सगळ्या न आलेल्या पाहुण्यांच्या वाट्याचं अन्न ती एकटी खात होती आणि त्यांच्या वतीनं ढेकर देत होती.

मग दिवस बदलले. शेखर पेपर वाचू लागला. पेपर सगळेच वाचतात, पण शेखर तो स्वयंपाकघरात उभा राहून वाचायचा. साखर विष आहे, असं छापून आलं त्या दिवशी साखरेचा डबा गेला आणि घरातल्या मुंग्या एका रांगेत उंबऱ्यापर्यंत आल्या, मागे वळून पाहिलं आणि निघून गेल्या. मैदा गेला. तेल बदललं, मग पुन्हा बदललं, मग तेलाची बाटली जाऊन फवारणी आली, जिच्यानं पोळीला अत्तर लावल्यासारखं तेल लावायचं. जवस आलं, कोदो नावाचं भरड धान्य आलं. कोदो पाहून आत्या म्हणाली, "अरे, हे तर दुष्काळात खायाचे!" ऋचा तोवर आहारतज्ज्ञ झाली होती. दिवसभर फोनवरून लोकांचे घास मोजायची. तिनं ओट्यावर एक चपटा काटा आणला. त्यावर तांदूळ ठेवले की तांबडे आकडे लागायचे. जितकी माणसं तितकंच वजन, त्याउपर एक दाणा नाही. भात उरेना. शीत उरेना. येणारा आता एकच राहिला, हेल्मेट घालून दुसऱ्याच्याच घरचं जेवण पाठीवर घेऊन येणारा, आणि तोही दारातूनच परत जायचा.

त्यातच आत्याची शुगर निघाली. डॉक्टरांनी भात बंद म्हटलं. आत्या तिथंच खुर्चीत सरळ होऊन बसली. "भात बंद, तर मले रायपुरात ठेवता काहून? पंजाबात नेऊन सोडा!" पण शेखर कडक, ऋचा त्याहून कडक, आणि काटा सगळ्यांत कडक. आत्याची बटकी वरच्या फळीवर पालथी गेली. दोन वेळच्या कोद्यापुढे ती अशी बसायची, जशी परक्या गावच्या स्टेशनावर गाडी चुकलेली बाई बसते. दर भेटीत तिचं माझ्याशी एकच बोलणं व्हायचं. "बाळ्या, मरायच्या आधी एकदा बटकीभर पायजे. तू सांगून पाय ना याईले." मी सांगितलं. शेखरनं मला वाढलेल्या पोटाचे तोटे सांगितले.

आणि एका सकाळी तोच शेखर पेपर नाचवत ओसरीवर आला. "आई! तुझी बासी पेपरात आली!" खरंच आली होती. मोठमोठी माणसं मांडी घालून, बटकी पुढे घेऊन, फोटोसाठी कांदा फोडताहेत. खाली लेख, की बासीनं पोट थंड राहतं, पोटातले भले जंतू वाढतात, उन्हाची लू लागत नाही. शेखरनं तो लेख मोठ्यानं वाचला. आत्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"मंग?" ती म्हणाली. "पेपरात आली. माह्या पोटात कवा येईल?"

शेखर वरमला. म्हणून तिच्या वाढदिवसाला आम्ही सगळे नव्या रायपूरकडच्या एका हॉटेलात गेलो. तिथल्या यादीत बासी होती, तीही सोन्याच्या मुलाम्याच्या अक्षरांत. हॉटेल इतकं थंड, की मी चष्मा पुसायला काढला तर काचांवरची वाफ गोठली होती. बासी आली. नवीन मातीच्या कटोऱ्यात, वर पुदिन्याचं एक पान, शेजारी गुलाबाच्या फुलासारखा कापलेला कांदा. आत्यानं वेटरला जवळ बोलावलं. "बेटा, ये रात को भिगोया था क्या?" तो बिचारा छाती फुगवून म्हणाला, "नहीं माताजी, एकदम फ्रेश है. अभी बनाया." आत्यानं चमचा खाली ठेवला. रागावली नाही. नुसतं त्या कटोऱ्याकडे पाहत राहिली, लांबून ओळखीचं वाटलेलं माणूस जवळ आल्यावर दुसरंच निघावं तसं. परतीच्या वाटेवर गाडीत मागच्या सीटवर ऋचा तिच्या शेजारी बसली होती. आत्या झोपेत तिच्या खांद्यावर कलंडली, तशी ऋचा सगळ्या वाटेत हलली नाही...

शेवटचा भेटलो तेव्हा चैत्रातली दुपार होती. कूलरला ओल्या वाळ्याचा वास होता आणि खोली त्या वासावर हळूहळू तरंगत चालली होती. आत्या इतकी हलकी झाली होती, की पंखा एक घर वाढवला असता तर खिडकीतून उडून पेरूच्या झाडावर जाऊन बसली असती. काही दिवसांपासून तिनं खाणं सोडलं होतं. शेखर डब्यातली भुकटी दुधात कालवून पुढे धरायचा, ती तोंड फिरवायची. मध्येच डोळे मिटूनच म्हणाली, "फुलेसरी आली वाटते. तिले बसव. ऊन लागलं असंन." फुलेसरीला जाऊन जमाना झाला होता. मग तिनं डोळे उघडले आणि स्पष्ट म्हणाली, "भूक लागली."

ऋचा उठली. मी पाण्याच्या निमित्तानं तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलो. तिनं डाळीच्या डब्यांमागे हात घातला आणि जर्मनची गंजी काढली. वर ताटली झाकलेली. आत भात, बोटभर पाण्याखाली, रात्रभर तप केलेला. तिनं वरच्या फळीवरची बटकी काढली, पुसली आणि सवयीनं काट्यावर ठेवली. भात घातला. तांबडे आकडे चढत गेले. ती त्या आकड्यांकडे पाहत राहिली. मग बोट लांब करून तिनं काटाच बंद केला.

"ऋचा, शुगर!" खोलीत शेखर उभा राहून म्हणाला.

"पता है," ऋचा म्हणाली आणि आत्याच्या उशाशी बसली.

पहिला चमचा नुसत्या पाण्याचा. दुसऱ्यात चार शितं. आत्याच्या गळ्याची शीर हलली, थांबली, पुन्हा हलली. तिचा चेहरा पाण्यात चंद्र उतरावा तसा संथ होत गेला. आम्ही तिघं श्वास धरून पाहत होतो. कूलरसुद्धा थांबला होता, अशी माझी खात्री आहे. शेखर म्हणतो वीज गेली होती. बऱ्याच वेळानं आत्यानं ओठ पुसून घेतले, सुनेकडे पाहिलं आणि म्हणाली,

"मीठ कमी हाय."

ऋचा रडली नाही. उठून मीठ घेऊन आली.

मी ऐकलेलं आत्याचं हे शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी शेखरचा तो फोन आला.

आता काही आठवडे झाले. परवा सकाळी पाय आपोआप पुरानी बस्तीकडे वळले. ओसरीवर शेखर पेपर वाचत होता, पण मनातल्या मनात. पेरूच्या झाडाला पेरूच लागले होते, एकही संत्रं नव्हतं. मी आत गेलो. ऋचा पाठमोरी उभी राहून भांडी विसळत होती. ओट्यावर काटा होता, आणि काट्यावर सरळ ठेवलेली, घासून लख्ख केलेली आत्याची बटकी. शेजारी जर्मनची गंजी, वर ताटली. मी ताटली उचलली. पाण्याखाली भात होता. मूठभर. खिडकीतून आलेलं ऊन त्या पाण्यात हलत होतं आणि शितं तळाशी शांत निजली होती...

शेखर भात खात नाही. ऋचा तर कधीच खात नाही.

"हे कोणासाठी भिजवलं, ऋचा?" मी विचारलं.

तिनं नळ बंद केला. मागे वळली नाही.

"चावल बच गया था, भैया."