इश्यूचा रकाना

दुष्काळाचं वर्ष होतं. लोहाऱ्याजवळच्या आमच्या वस्तीत मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. त्यामुळं इंग्रजी कागद आला की लोक माझ्याकडंच यायचे, आणि मला ते आवडायचं.

शेजारच्या मावशींचा नवरा तलावाच्या कामावर मातीचा कडा अंगावर कोसळून वारला. अशा मजुरांची मुलं धाराशिवच्या सरकारी वसतिगृहात घेणार होते. मावशी सहा वर्षांच्या लेकीला घेऊन फॉर्म भरायला आल्या. मयताचं नाव, वय, पत्नी लिहून झालं. पुढच्या रकान्यात एकच शब्द होता, इश्यू. हा शब्द मला वादाचा मुद्दा म्हणून ठाऊक होता.

"मावशी, कुणाशी काही तंटा, तक्रार?"

"न्हाय गं बाई. आता कुणाशी तक्रार करू?"

मी ठसठशीत अक्षरांत 'निल' लिहिलं. मुलगी माझ्या गुडघ्याला टेकून बघत होती.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. मयतास अपत्य नसल्यानं अर्ज निकाली काढला होता. मी वाचून दाखवलं. मावशींनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"मंग ही कोण हाय?"

"हापिसाची चूक असंल," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटलं होतं.

एसटीनं धाराशिवला गेले. कारकुनानं माझाच फॉर्म समोर ठेवला. "बाई, इश्यू म्हणजे मूलबाळ. तुम्हीच नाही म्हणून लिहिलंय." तो रागावला नाही. मी तिथंच उभ्यानं दुरुस्तीचा अर्ज लिहिला.

परतल्यावर खरं सांगायचं ठरवलं होतं. पण मावशी म्हणाल्या, "तू हायस म्हणून. न्हाय तर आमचं कोण ऐकतंय?" दुरुस्तीचा अर्ज दिलाय, एवढंच मी सांगितलं.

मंजुरी आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. मावशींच्या दाराला कुलूप होतं. मुकादमानं ऊसतोडीची टोळी साखर कारखान्यावर नेली होती, मायलेकी तिच्यात गेल्या होत्या. पत्र घेऊन मी दोन कारखान्यांच्या तळांवर फिरले, खोपटा-खोपटात विचारलं. हंगाम संपला, टोळी परतली, पण त्या दोघी आल्या नाहीत. वाटेत दुसऱ्या टोळीबरोबर गेल्या, एवढंच कळलं.

पुढं मी इंग्रजीचीच शिक्षिका झाले. या शब्दाचे सगळे अर्थ फळ्यावर लिहायचे, मुलांकडून घोकून घ्यायचे.

हल्ली घरातली नातवंडं उठता-बसता "काही इश्यू नाही" म्हणतात. ते ऐकलं की दाराशी कुणी लहान मूल येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. मी उठून बघून येते.