पिंजऱ्याचा निळा रंग

शर्यतीच्या नोंदणीला माझी गाडी नापास झाली आणि मी दोष वेल्डरचाचांवर ढकलला. चूक माझी होती.

चिकलठाण्याच्या शेडमध्ये चाचांनी माझ्या जुन्या गाडीत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवला होता. गाडी उलटली तर तोच जीव वाचवणार. "तपासणीच्या आधी रंग मत लगाना, भाऊ. जोड दिखने दो उनको. दुल्हन है क्या, सजाने को?" असं त्यांनी बजावलं होतं. पण सीट काढलेल्या त्या गाडीत दुपारचं ऊन तरंगत असायचं. मी आत बसून कधी न पाहिलेली वळणं घेत राहायचो. त्याच तंद्रीत एकदा मी पिंजरा निळा रंगवून टाकला.

"रंगाखालचे जोड तपासू कसे? कुणी झाकले?" तपासनीसाने विचारलं.

"वेल्डरने," मी म्हणालो.

"कच्चं काम लपवलं असणार," शेजारचा गाडीवाला हसला. मी गाडी घेऊन निघालो. त्यानंतर तिथल्या गाडीवाल्यांपैकी कुणीच चाचांकडे काम नेलं नाही.

महिनाभराने मी सगळा रंग खरवडला, त्याच गाडीवाल्यांना शेडवर बोलावलं आणि त्यांच्यादेखत म्हणालो, "चाचा, रंग मी दिला होता. तुमच्यावर खोटा आळ घेतला. मला माफ करा."